जागा एक, मालक अनेक. सुरक्षिततेचे उत्तरदायित्व कोणाचे?

ठाण्याच्या बाळकुम भागात १० सप्टेंबर २०२३ रोजी एका चाळीस मजली इमारतीच्या बांधकामावरील लिफ्ट कोसळून सात मजूर मरण पावले. गच्चीवरील वॉटरप्रूफिंगचे काम उरकून ते खाली येत होते. वॉटरप्रूफिंग करणाऱ्या मजुराचा अशा लिफ्टशी संबंध वर-खाली जाण्यापुरताच. मोठ्या बांधकामांवर लिफ्ट पुरवणारा सहसा एक असतो, चालवणारा दुसरा, देखभाल करणारा तिसरा. आणि या सर्वांना कामे वाटून देणारा विकासक त्या वेळी जागेवर असेलच असेही नाही. अपघात झाला की पोलिस गुन्हा नोंदवतात, पुढारी भेट देऊन जातात, मदत जाहीर होते आणि मग परिचित ढकलाढकली सुरू होते. विकासक मुख्य कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार पोटकंत्राटदाराकडे, पोटकंत्राटदार मुकादमाकडे. आणि मुकादम मृतांच्या यादीत नसेल तर अनेकदा गावी निघून गेलेला असतो.

हा प्रश्न एका ठाण्याचा नाही. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसवण्याचे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण ठार झाले. रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा, पुलाचे काम एका कंपनीचे, गर्डर उभारण्याचे विशेष तंत्रकौशल्याचे काम तिसऱ्याच कंपनीचे. पुण्यात येरवड्याजवळील शास्त्रीनगरात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री सळयांची भलीमोठी जाळी कोसळून पाच मजूर गेले. प्रत्येक ठिकाणी यंत्र वेगळे, कारण वेगळे. पण चौकशीच्या पहिल्याच पानावर उभा राहणारा प्रश्न मात्र एकच. ज्या जागेवर एकाच वेळी चार-पाच मालकांची माणसे राबतात, तेथे जीव सांभाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

बांधकामाची जुनी पद्धत निराळी होती. एक ठेकेदार, त्याचे गवंडी, त्याचेच सुतार आणि बिगारी. परांची कोसळली तर ती कोणी बांधली हे साऱ्या वस्तीला ठाऊक असे. आज मुंबई-पुण्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या टॉवरवर खोदाई, पायलिंग, शटरिंग, सळईकाम, काँक्रीट, विटकाम, प्लंबिंग, वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, काचेचा दर्शनी भाग, रंगकाम अशी कामे स्वतंत्र कंत्राटांवर दिली जातात. प्रत्येक कंत्राटदाराची हजेरी वेगळी, मुकादम वेगळा, भाषाही बहुधा वेगळी. धोका मात्र हजेरीपट पाहून येत नाही. एकाने उघडा ठेवलेला खड्डा दुसऱ्याच्या मजुराला गिळतो, यातच या प्रश्नाची सारी गुंतागुंत आहे.

एक साधे उदाहरण घेतले म्हणजे ती ध्यानात येईल. समजा, बाराव्या मजल्यावरील डक्टचे तोंड फळ्या टाकून झाकलेले आहे. प्लंबरच्या कंत्राटदाराची माणसे पाइप सोडण्यासाठी फळ्या काढतात आणि जेवणाची सुटी होताच तशाच सोडून खाली जातात. कठडे आणि झाकणे यांची व्यवस्था मुख्य कंत्राटदाराने आणखी एका पोटकंत्राटदाराकडे दिलेली आहे. त्याचा माणूस त्या मजल्यावर दोन दिवस फिरकलेला नाही. रंगकामाचा मजूर मागे सरकत भिंत रंगवतो आणि त्या पोकळीत पडतो. रंगकामाच्या कंत्राटदाराने खड्डा केला नाही, झाकण काढले नाही, झाकण बसवणे हे त्याचे कामही नव्हते. पण आपल्या माणसाला त्या मजल्यावर पाठवण्यापूर्वी मजला एकदा पाहून घेणे हे तरी त्याचे काम होते की नाही?

अमेरिकेत या कोड्यावर गेली पन्नास वर्षे काथ्याकूट चालला आहे. तेथील १९७० च्या व्यावसायिक सुरक्षा कायद्याने सुरुवातीला मालकाला जबाबदार धरले ते मुख्यतः स्वतःच्या कामगारांपुरते. बांधकामाच्या जागेवर हे सूत्र लंगडे पडते, हे लवकरच दिसून आले. कामगाराचा मालक म्हणे, धोका माझ्या हातातला नव्हता. धोका निर्माण करणारा म्हणे, मेलेला माणूस माझा नव्हता. दोघेही खरे बोलत आणि दोघेही सुटत. न्यायालये आणि पुनर्विलोकन आयोग यांच्या निर्णयांतून हळूहळू एक चौकट घडली आणि डिसेंबर १९९९ मध्ये तेथील सुरक्षा प्रशासनाने आपल्या निरीक्षकांसाठी ती लेखी निर्देशाच्या रूपाने मांडली. एकाच जागेवरील मालकांचे तिने चार प्रकार केले : धोका निर्माण करणारा, आपल्या कामगारांना धोक्याच्या तोंडी देणारा, धोका दूर करण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो, आणि साऱ्या जागेवर ज्याचे नियंत्रण चालते तो. एकच मालक एकाहून अधिक भूमिकांत असू शकतो. भूमिका ठरली की दुसरा प्रश्न : त्या भूमिकेत जे करायला हवे होते, ते त्याने केले का?

बाराव्या मजल्यावरच्या डक्टला ही फूटपट्टी लावली तर प्लंबरचा कंत्राटदार पहिल्या प्रकारात येतो, रंगकामाचा दुसऱ्या, झाकणांचे कंत्राट घेणारा तिसऱ्या आणि मुख्य कंत्राटदार चौथ्या. चौघांवरही कारवाई होऊ शकते. पण चौघांकडून अपेक्षा सारखी नाही. रंगकामाच्या कंत्राटदाराला स्वतः झाकण बसवण्याचा अधिकार नसेल, तर त्याने मुख्य कंत्राटदाराला कळवावे, आपल्या मजुरांना सावध करावे आणि जिवावरचा धोका असेल तर त्यांना तेथून हलवावे, एवढे पुरे. मुख्य कंत्राटदाराने प्रत्येक पोटकंत्राटदाराच्या प्रत्येक माणसावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवावी, अशीही अपेक्षा नाही; कामाचे स्वरूप आणि त्या पोटकंत्राटदाराचा पूर्वानुभव पाहून ठरावीक काळाने तपासणी करावी, चूक दिसली तर ती दुरुस्त करवून घ्यावी आणि वारंवार चुकणाऱ्याला पायरीपायरीने कडक शिक्षा करावी. थोडक्यात, नियंत्रण जेवढे, तेवढी जबाबदारी.

हा विचार तेथेही निर्विवाद नव्हता. दक्षिणेकडील राज्यांचे पाचवे अपील न्यायालय १९८१ पासून असे मानत आले होते, की मालकाचे उत्तरदायित्व स्वतःच्या कामगारांपुरतेच. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात ग्रंथालयाच्या बांधकामावर आधार न दिलेल्या खोदाईच्या मातीच्या भिंतीखाली पोटकंत्राटदाराचे मजूर काम करताना आढळले आणि निरीक्षकांनी पोटकंत्राटदाराबरोबर मुख्य कंत्राटदारालाही नोटीस दिली. त्या प्रकरणात नोव्हेंबर २०१८ मध्ये याच न्यायालयाने आपली जुनी भूमिका सोडली आणि नियंत्रण करणाऱ्या मालकावरही कारवाई होऊ शकते, असा निर्वाळा दिला. येथे कोणी दगावलेले नव्हते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी. धोका दिसताच, भिंत कोसळण्यापूर्वी, कोणाला जाब विचारायचा हे ठरलेले होते.

भारतीय कायद्याचा इतिहास पाहिला तर उलट चित्र दिसते. येथे पैशाची जबाबदारी वरपर्यंत नेण्यात कायदेमंडळाने पुष्कळ कौशल्य दाखवले. जिवाची जबाबदारी मात्र संदिग्ध ठेवली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेच ठेकेदाराच्या मजुराला थेट मुख्य मालकाकडे भरपाई मागण्याचा हक्क दिला होता. मालकाने ती द्यावी आणि मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. अट एवढीच, की ते काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असावे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते देण्याचा भार मुख्य मालकावर टाकला. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदाही याच वाटेने गेला.

या १९९६ च्या कायद्यातील व्याख्या मात्र मुळातून पाहण्यासारखी आहे. मालक म्हणजे आस्थापनेचा धनी, असे ती सांगते आणि पुढे जोडते, की ठेकेदारामार्फत चालणाऱ्या कामात ठेकेदाराचाही त्यात समावेश होतो. म्हणजे दोघेही मालक. त्याच कायद्यात सतत आणि पुरेशी देखरेख ठेवण्याचे आणि अपघात टाळण्यासाठी सर्व व्यवहार्य उपाय योजण्याचे कर्तव्य ‘मालका’वर टाकलेले आहे. पण दोन मालकांपैकी कोणी काय पाहायचे, चार ठेकेदार असतील तर त्यांच्यात मेळ कोणी घालायचा, यावर कायदा गप्प. सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, हा अनुभव सरकारी कार्यालयांतच नव्हे, बांधकामांवरही येतो. कायदा १९९६ चा आणि महाराष्ट्राचे नियम २००७ चे, या अकरा वर्षांबद्दल वेगळे काही लिहिण्याची गरज नाही.

कारखान्यांच्या बाबतीत हे कोडे एकदा सुटले होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात ‘भोगवटादार’ ही संकल्पना होती : कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण, तो. कंपन्या एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याचे नाव भोगवटादार म्हणून पुढे करीत आणि संचालक नामानिराळे राहत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि कंपनीच्या बाबतीत एखादा संचालकच भोगवटादार मानला जाईल, असे ठरले. त्याला आव्हान दिले गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात ते फेटाळले. त्याच कायद्यात आणखी एक शहाणपणाचे कलम होते. एका इमारतीतील मजले किंवा गाळे वेगवेगळ्या उद्योजकांना भाड्याने दिले असतील, तर जिने, सामाईक वाटा, लिफ्ट आणि आगीपासूनची खबरदारी यांचे उत्तरदायित्व जागेच्या धन्यावर. मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत गाळा घेतलेल्या कोणालाही याचे मर्म सांगावे लागणार नाही. सामाईक जे आहे त्याचा एक धनी ठरवा, एवढेच ते कलम सांगत होते. बांधकामाला हे सूत्र लागू करावे, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

कारखान्याच्या आवारातच नवे बांधकाम सुरू असेल तर काय, हा वादही रंगला. बांधकाम कामगार कायद्याने कारखाने कायदा लागू असलेली कामे वगळली होती. कारखाना अजून उभा राहायचा असताना, आम्हाला कारखाने कायदा लागू म्हणून बांधकामाचा कायदा आणि उपकर नको, असा युक्तिवाद काही वीज कंपन्यांनी केला. उभारणीच्या काळात कारखानाच अस्तित्वात नसतो. तेव्हा बांधकामाचाच कायदा लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लॅन्को अनपारा प्रकरणात स्पष्ट केले. निकाल योग्यच, पण वाद उपकराचा होता, हेही सूचक.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक अवघड पेच आहे आणि त्याची चर्चा कमी होते. कंत्राटी कामगारांच्या कामावर मुख्य मालकच थेट देखरेख आणि नियंत्रण ठेवत असेल, तर कंत्राट हा केवळ बनाव असून कामगार मुख्य मालकाचेच आहेत, असा दावा होऊ शकतो. पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बनावट कंत्राटाचा प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवल्यापासून, प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे होते, ही कसोटी अशा खटल्यांच्या केंद्रस्थानी आहे. साहजिकच कंपन्यांचे कायदेशीर सल्लागार सांगतात : ठेकेदाराच्या माणसांना थेट हुकूम देऊ नका. कामगारांच्या नोकरीच्या हक्कासाठी उपयुक्त ठरणारी ही कसोटी त्यांच्या जिवाच्या बाबतीत उलटते. परांचीवर पट्टा न बांधता उभा असलेला मजूर कंपनीच्या अभियंत्याला दिसतो. तो मजुराला हाक मारत नाही, ठेकेदाराला ई-मेल पाठवतो. पाहील तो अडकेल, अशी व्यवस्था असेल तर न पाहणेच शहाणपणाचे ठरते. सुरक्षिततेसाठी दिलेला आदेश हा नोकरीच्या नात्याचा पुरावा मानला जाणार नाही, एवढे एक वाक्य कायद्यात असते तरी हा पेच सैल झाला असता.

पुण्यातील कोंढव्याची दुर्घटना या दृष्टीने पुन्हा आठवावी लागते. २९ जून २०१९ च्या पहाटे, मुसळधार पावसात, एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा जण झोपेतच गेले. त्यांत लहान मुले होती. भिंत एकाची, मजूर दुसऱ्याचे. तीनच दिवसांनी आंबेगावात अशीच एक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून सहा जण दगावले. बांधकाम कामगार कायदा मजुरांना कामाच्या जागेवर किंवा शक्य तितक्या जवळ मोफत तात्पुरता निवारा देण्यास सांगत होता. पण जवळ म्हणजे कशाच्या जवळ, हे पाहण्याचे काम कोणाचे, हे तो सांगत नव्हता. कोंढव्यात दोन्ही बाजूंच्या विकसकांवर गुन्हे दाखल झाले. अमेरिकी चौकटीत भिंतीचा धनी धोका निर्माण करणारा, आणि तिच्या पायथ्याशी माणसे वसवणारा त्यांना धोक्याच्या तोंडी देणारा. भिंत आपली नव्हती, हा बचाव दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. माणसे आपली नव्हती, हा पहिल्याला.

आपल्याकडे अपघातानंतर लागतो तो फौजदारी कायदा. पूर्वी भारतीय दंड विधानाचे ‘३०४ अ’, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचे सिद्ध करण्यासाठी विशिष्ट व्यक्तीची विशिष्ट कृती आणि मृत्यू यांचा थेट धागा दाखवावा लागतो. हा धागा साइट सुपरवायझरपर्यंत सहज पोचतो, संचालकांच्या खोलीपर्यंत क्वचितच. दिल्लीत १२ जुलै २००९ रोजी मेट्रोच्या झमरूदपूर येथील पुलाचा भाग कोसळून सहा जणांचा बळी गेला, तेव्हा ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला होता. तो स्वीकारला गेला नाही, हा भाग निराळा. काम कंत्राटदाराचे होते, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. पण एखाद्या अधिकाऱ्याच्या सद्सद्विवेकावर कायद्याची उणीव भरून निघत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेने यातील काही गोष्टी निश्चितच सुधारल्या आहेत. आपल्या कामाच्या जागेत, आपल्या माहितीने वा माहितीविना, असलेल्या व्यक्तींच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकणारे शब्द तिच्यात आहेत. वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता आणि आराखडा करणारे यांच्यावरही नियोजनाच्या टप्प्यापासून कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार करण्याचे कर्तव्य आले. कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सुविधा आता ठेकेदाराने नव्हे, मुख्य मालकाने द्यायच्या आहेत. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा पाचशे कामगारांवरून अडीचशेवर आली. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही. आणि दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. त्याच वेळी कंत्राटी कामगारांविषयीची तरतूद वीसऐवजी पन्नास कामगारांपासून लागू होते. अडीचशे माणसे एका ठेकेदाराची धरायची की साऱ्या जागेवरची मिळून, यावर सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक अवलंबून राहील. कामे तुकड्यातुकड्यांनी वाटणाऱ्याला यातून वाट सापडणार नाही, याची काळजी नियमांनी घ्यावी लागेल.

मेळ घालण्याच्या प्रश्नावर मात्र संहितेतही स्पष्ट उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम-सुरक्षा कराराने ते केव्हाच दिले होते : एका जागेवर दोन किंवा अधिक मालक एकाच वेळी काम करीत असतील, तर सुरक्षिततेच्या उपायांत सुसूत्रता राखण्याचे उत्तरदायित्व मुख्य कंत्राटदाराचे, किंवा जागेवर ज्याचे प्रत्यक्ष नियंत्रण त्याचे, आणि तो जागेवर हजर नसेल तर त्याने अधिकार असलेला सक्षम माणूस नेमावा. ब्रिटनने १९९४ पासून नियमांद्वारे हेच केले आणि २००७ व २०१५ मध्ये त्यांत बदल केले. तेथे काम देणाऱ्या ग्राहकापासून जबाबदारीची साखळी सुरू होते. एकाहून अधिक कंत्राटदार असतील तर मुख्य कंत्राटदार आणि मुख्य आराखडाकार यांच्या लेखी नेमणुका ग्राहकाने करायच्या. त्याने त्या केल्या नाहीत, तर त्यांची कर्तव्ये त्याच्याच माथी येतात.

ग्राहक म्हटले की बडा विकासक डोळ्यांसमोर येतो. पण शहरी वाचकाने आपल्या सोसायटीच्या सूचनाफलकाकडेही पाहावे. इमारतीची दुरुस्ती, बाहेरचा रंग, गच्चीचे वॉटरप्रूफिंग ही कायद्याच्या लेखी बांधकामेच आहेत आणि दहा किंवा अधिक कामगार असतील तर ते कायद्याच्या कक्षेत येते. आस्थापनेच्या व्याख्येत व्यक्तींचे मंडळही बसते. सातव्या मजल्याशी दोरावर लोंबकळणाऱ्या रंगाऱ्याबद्दल समिती निर्धास्त असते, ती निविदेतल्या एका कलमाच्या भरवशावर : अपघाताची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील. असे कलम पैशाच्या वसुलीला उपयोगी पडेल. कायद्याने दिलेले कर्तव्य खासगी कराराने दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. अर्थात, सेवानिवृत्त सचिवांनी परांचीचे गणित तपासावे, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचेच. अनुभवी ठेकेदार निवडणे, त्याच्या मजुरांचा विमा पाहणे, तांत्रिक सल्लागाराला देखरेखीचे आणि काम थांबवण्याचे लेखी अधिकार देणे, एवढे मात्र समितीच्या हाती निश्चित आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना त्या दरात जाळी आणि सुरक्षापट्टे धरले आहेत का, हा प्रश्न वार्षिक सभेत सहसा विचारला जात नाही.

संहितेखालील नियमांत महाराष्ट्राने कराव्या अशा तीन गोष्टी आहेत. एकाहून अधिक कंत्राटदार असलेल्या प्रत्येक जागेवर समन्वयाची जबाबदारी एका नावावर असावी. त्याला कोणत्याही कंत्राटदाराचे काम जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार असावा आणि त्यामुळे वाया गेलेल्या दिवसाचा दंड थांबवणाऱ्याला भरावा लागू नये. लिफ्ट, परांची, क्रेन, कठडे, तात्पुरती वीज अशा सामाईक वस्तूंचा धनी काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरलेला असावा. यासाठी नवे खाते नको, नवा उपकरही नको. बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणावर आज विकासकाचे नाव असते, वास्तुविशारदाचे असते, आरसीसी सल्लागाराचे असते, महारेराचा क्रमांकही असतो. लिफ्ट बंद करा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक यांसाठी त्या फलकावर जागा पुष्कळ शिल्लक आहे.